हिंदीवर वाढलेला चाफा

"घाल बादली!"

शाळेच्या फाटकातून आत पाय टाकला की बाईंचं हे वाक्य रोज कुणाच्या तरी वाट्याला यायचंच.

दिल्लीत मराठी शाळा काढणारी बाई थोडी खुळी असणारच, हे तुम्हीही मान्य कराल. बाईंनी चांगली सरकारी नोकरी सोडली, शाळा काढली आणि कोकणातून सोनचाफ्याचं रोप आणून अंगणात लावलं. इथल्या उन्हाळ्यात ते जगायचं नाही, असं सगळे म्हणाले. तर बाईंनी नियम केला: फाटकाच्या आत जो हिंदी बोलेल, त्याने चाफ्याला बादलीभर पाणी घालायचं. दिल्लीची पोरं ती! चाफा छपराच्या वर गेला.

मी तिथला शिपाई. चौथी शिकलेला. सगळ्यात जास्त बादल्या माझ्याच. एकदा वैतागून म्हटलं, "बाई, मला पगार शिपायाचा मिळतो, माळ्याचा नाही."

"मग मराठी बोला की."

"वायरमनला मराठी कळत नाही."

"मग घाला बादली."

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं नसायची. तेव्हा बाई भाजीवाल्याला फाटकाच्या आत बोलवायच्या. "भैया, भिंडी कैसे दी?" असं ऐटीत विचारायच्या आणि एक भेंडी न घेता बादली भरायला उठायच्या. तो बिचारा मला विचारायचा, "मैडम ठीक तो हैं?"

पुढे बाई थकल्या. दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, द्वारकेला पुतण्याकडे राहायला निघाल्या, तेव्हा माझ्या बायकोचा हात धरून म्हणाल्या, "सुट्टीतलं पाणी आता तुझ्याकडे." मला नाही सांगितलं. माणसं ओळखायच्या. बाई वारल्या, तरी हिने एकही उन्हाळा चुकवला नाही.

ही गेल्या थंडीत गेली.

सुट्टी लागली. शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला, पण मी गेलो नाही. फाटकावर कुणीतरी हिच्याबद्दल विचारणार, मला बोलावं लागणार. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. घरात पंख्याखाली बसून होतो, दुसरं काही काम नव्हतं. शाळा उघडली तोवर चाफा वाळला होता.

परवा शाळेचा इतिहास लिहिणारी मुलगी आली. आमच्याच शाळेची, आता मोठ्या ऑफिसात आहे. "काका, बाईंचं काहीतरी सांगा ना, लोकांना प्रेरणा मिळेल असं." मी हेच सगळं सांगितलं, चाफा वाळला एवढं सोडून. मग तिला चाफ्यापाशी माझा फोटो हवा झाला. नेलं. त्या काळ्या फांद्या बघून तिने वर धरलेला मोबाइल खाली घेतला.

"लिही," मी म्हटलं. "बाईंनी वाढवला, माझ्या बायकोने जगवला, मी मारला. इतिहास आहे ना? मग खरं लिही."

आणि नळाखाली बादली लावली.

"रहने दो ना काका," ती हळूच म्हणाली. "अब क्या फायदा?"

मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने जीभ चावली, पर्स खांद्यावर सरकवली आणि माझ्या हातातून बादली घेतली.