मसुद्यात ठेवलेली पत्रं

हिंगोलीत बसस्थानकामागच्या गल्लीत, एका किराणा दुकानाच्या वर विजयाबाईंची टंकलेखन संस्था आहे. दोन खोल्या. एकीत आठ संगणक आणि दोन जुने टाइपरायटर, दुसरीत त्या स्वतः राहतात. वय छप्पन्न. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिचं करण्यात दिवस जायचा. ती गेल्यावर सकाळचे आणि संध्याकाळचे वर्ग तेवढे उरले. मधल्या वेळात, अकरा ते चार, त्यांच्याशी बोलायला कोणी नसे. अधूनमधून फक्त उकंडराव यायचे.

उकंडराव सेनगाव तालुक्यातले पुढारी. जिल्हा परिषदेत दोनदा निवडून आलेले, एकदा सभापती झालेले. सगळीकडे ईमेलचा पत्ता मागायला लागले तेव्हा विजयाबाईंनीच त्यांना फुकटचं खातं उघडून दिलं होतं. पासवर्ड बाईंनीच ठरवला, बाईंनीच लक्षात ठेवला. तो विसरला तर कोणता प्रश्न विचारायचा, असं पडद्यावर आलं. यादीत ‘आईचं माहेर’ होतं.

“पुसेगाव टाका,” उकंडराव म्हणाले. “हे काय मी मरेपर्यंत इसरत न्हाई.”

पुढं सरकारी कामाला दुसरे पत्ते आले, पण हे खातं त्यांनी बंद केलं नाही, कारण त्या खात्यावर रेवतीची पत्रं यायची.

रेवती त्यांची एकुलती लेक. पुण्याला शिकायला गेली आणि तिथंच जातीबाहेर लग्न करून मोकळी झाली. उकंडरावांनी भावकीसमोर सांगून टाकलं, मला पोरगी न्हाई. त्यानंतरच्या दिवाळीत तिची दोन ओळींची ईमेल आली: ‘बाबा, तब्येत कशी आहे? मी बरी आहे.’ उकंडरावांनी ती विजयाबाईंकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, “लिवा. आमी बरे हाव. सोयाबीन बरं झालं. तुझ्या आईचे गुडघे दुखून राहिलेत.” आणि थांबले.

“पाठवू का, दादा?”

“नका पाठवू. ठिवून द्या.”

विजयाबाईंनी पत्र मसुद्यात ठेवलं.

त्यानंतर दर दिवाळीला आणि रेवतीच्या वाढदिवसाला ते यायचे. दोन-तीन वाक्यं सांगायचे, ती कधी पाठवायची नसायची. ते जिना उतरून गेले की विजयाबाई मसुदा पुन्हा उघडायच्या. पहिल्यांदा त्यांनी नुसतं शुद्धलेखन सुधारलं. पुढच्या वर्षी एक ओळ आपल्या मनची घातली. हळूहळू पत्रं लांबत गेली. ‘जेवायला बसलं की अजून एक ताट जास्त मांडलं जातं.’ ‘कोणी हाक मारावी असं वाटतं, आणि दिवस जातो.’ हे उकंडराव बोलले नव्हते. बाईंना ते ठाऊक होतं. पण पत्र जायचंच नव्हतं, आणि उकंडरावांना पडद्यावरची अक्षरं दिसत नसत, मग वाचणार कोण? ज्यांना लिहावं असं त्यांचं कोणी नव्हतं. जे लिहावंसं वाटे ते त्या रेवतीला लिहीत गेल्या. रेवतीला त्यांनी लहानपणी एकदाच पाहिलं होतं.

अशी अकरा वर्षं गेली.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली, आणि उकंडराव पुन्हा उभे राहिले. मतदानाला बारा दिवस उरले असताना एका सकाळी वर्गातल्या एका मुलीनं आपला मोबाइल पुढं केला. “बाई, हे तुमच्या दादांचं आहे ना?”

पडद्याचे फोटो होते. मसुद्यातली सगळी पत्रं. वर लिहिलेलं: ‘पोरगी नाही म्हणणाऱ्या बापाचं खरं रूप.’ दुपारपर्यंत ती तालुक्यातल्या प्रत्येक गटात पोचली. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात लोक ती मोठ्यानं वाचत होते, असं कोणी सांगितलं.

उकंडरावांचा फोन आला.

“विजयाबाई, पासवर्ड तुमच्याशिवाय कोणापाशी व्हता?”

“कोणापाशीच नव्हता, दादा.”

“मंग?”

तिकडून फोन ठेवला गेला.

बाईंनीच पत्रं फोडली असं गावभर झालं, आणि त्या आठवड्यात सकाळच्या वर्गातली निम्मी मुलं यायची थांबली. खालच्या दुकानातल्या रूपाबाई रोज दुधाची पिशवी वर आणून देत, आणि दारात उभ्या राहून घटकाभर बोलत. आता पिशवी जिन्याच्या कडीला अडकवलेली असायची. विजयाबाई खातं उघडायला गेल्या तर त्यांचा पासवर्ड चालेना. पासवर्डपेक्षाही त्यांना एक गोष्ट जास्त खुपत होती. आपली वाक्यं लोक चहाच्या टपरीवर हसून वाचताहेत, आणि ती आपली आहेत हे कोणाला सांगताही येत नाही.

पाचव्या दिवशी त्या स्वतःच सायबर पोलिसांकडे गेल्या. तिथं प्रियंका नावाची तरुण पोलीस होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, पासवर्ड कोणी चोरलाच नाही,” ती म्हणाली. “कोणीतरी ‘पासवर्ड विसरलो’ असं दाबलं. प्रश्न आला, त्यानं उत्तर दिलं, आणि नवा पासवर्ड केला. नवीन खात्यांवर असं होत नाही, मोबाइलवर नंबर येतो. तुमचं खातं जुनं, त्यावर मोबाइल जोडलेलाच नाही. प्रश्न कोणता होता?”

“आईचं माहेर.”

“ते किती लोकांना माहीत असंल?”

विजयाबाईंना दादांच्या सभा आठवल्या. सेनगाव तालुक्यातल्या प्रत्येक सभेत उकंडराव एकाच वाक्यानं सुरुवात करायचे, ‘मी पुसेगावचा भाचा हाव, मामाच्या पोरांनो!’ त्यावर टाळ्या पडायच्या. त्यांच्या एकसष्टीच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ते छापलेलं होतं, आणि ती पुस्तिका विजयाबाईंनीच टाइप केली होती.

“सगळ्या तालुक्याला,” त्या म्हणाल्या.

आठ दिवसांत माणूस सापडला. भागवत नाव. आधी उकंडरावांच्या प्रचारात असायचा, तिकीट नाकारलं म्हणून समोरच्या गटात गेलेला. पकडल्यावर तो म्हणाला, “मला हॅकिंगफिकिंग काई येत न्हाई, साहेब. त्यांच्या सभेत माईक मीच लावायचो. कॉम्प्युटरनं प्रश्न इचारला, मी उत्तर देलं.”

उकंडराव निवडणूक हरले. थोड्याच मतांनी हरले. पत्रं वाचून काही जण फिरले, तर काही बायांनी त्या पत्रांसाठीच मत दिलं म्हणतात.

निकालानंतर दोन दिवसांनी विजयाबाईंना अनोळखी नंबरवरून फोन आला.

“विजयामावशी का? मी रेवती.”

विजयाबाईंनी खोलीचं दार लोटून घेतलं.

“मला कोणीतरी ते फोटो पाठवले. एकच विचारायचं होतं. ते सगळं बाबा खरंच बोलले होते? बाबांना एवढं बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.” पलीकडे आवाज अडखळला. “ते जास्तीच्या ताटाचं...”

खरं सांगायला एक क्षण पुरला असता. खाली रस्त्यावर ऑटोवाला सवारीसाठी ओरडत होता.

“व्हय, बाळ,” विजयाबाई म्हणाल्या. “त्यांचंच आहे.”

रेवती नवऱ्याला आणि लेकराला घेऊन गावी आली. उकंडरावांनी नातवाला उचलून घेतल्याचा फोटोही त्याच गटांमधून फिरला.

महिन्याभरानं उकंडराव जिना चढून वर आले. दुपारची वेळ होती. तोवर त्यांनी पत्रं रेवतीकडून ऐकली होती, सगळी, शेवटपर्यंत.

“माझी चूक झाली, विजयाबाई. तुमच्यावर संशय घेतला.”

“जाऊ द्या, दादा.”

ते हातातल्या टोपीची घडी करत राहिले. “एवढं मी बोललो व्हतो?”

“बोलला होता.”

त्यांनी बाईंकडं पाहिलं. काही विचारतील असं वाटलं. पण ते उठले. “रेवतीनं मोबाइलवर नवीन खातं काढून देलं. कोणी शिरायला गेलं तर नंबर माझ्याच फोनवर येतो म्हणे. आता तुमाला तकलीफ न्हाई.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या.

ते परत आले नाहीत. यायचं काही कामच उरलं नव्हतं. प्रियंकानं जुनं खातं सोडवून उकंडरावांच्या ताब्यात दिलं, आणि रेवतीनं ते बंद करून टाकलं. मुलं वर्गात परतली, रूपाबाई दुधाची पिशवी घेऊन वर यायला लागल्या. बाईंनी दुपारी एक जादा वर्ग काढून पाहिला. त्याला दोनच जणी आल्या, नंतर त्याही आल्या नाहीत.

उन्हाळ्यात खटल्याच्या कागदांवर सही करायला पोलिसांनी बोलावलं. प्रियंकानं जबाब वाचून दाखवला. खातं कधी उघडलं, प्रश्न कोणी निवडला, सगळं नीट लिहिलेलं होतं. शेवटी वाक्य होतं: ‘सदर पत्रांतील मजकूर उकंडराव यांनी सांगितल्याप्रमाणे मी टाइप केला.’

“बराबर आहे ना, मॅडम?”

विजयाबाईंनी ती ओळ स्वतः एकदा वाचली.

“मी ती पत्रं दोनदा वाचली,” प्रियंका हलक्या आवाजात म्हणाली. “घरी आईलाही वाचून दाखवली. दादा लई हळवे आहेत हो मनानं.”

“आहेत,” विजयाबाई म्हणाल्या, आणि तिनं बोट ठेवलं होतं तिथं सही केली.