पांढरी पेज

मामी गेल्या त्या दिवशी सकाळी त्यांनी माझं नाट्यपरीक्षण केलं. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. वीस वर्षं मी रोह्यात गणपतीच्या मांडवात, शाळेच्या पटांगणात आणि कंपनीच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर उभा राहतोय. राजा झालो, खुनी झालो, एकदा पोस्टमन आणि त्याच नाटकात पोस्टमनचा बापही झालो, कारण बापाचं काम करणारा ऐन वेळी खांब गावी लग्नाला निघून गेला होता. इतक्या वर्षांत माझ्या अभिनयाबद्दल कुणी चार शब्द छापले नाहीत. ते काम शेवटी मामींनी केलं. सुमन, म्हणजे माझी बायको, त्यांना चमच्याने पेज भरवत होती. मी डबा घेऊन दारात उभा. मामींनी चमचा बाजूला सारला आणि मला बोटाने जवळ बोलावलं.

"जावयबापू, तुमी नाटकात काम करता ना?"

"करतो की, मामी."

"लय वाईट करता."

मी मोठ्याने हसलो. मामी बऱ्याच दिवसांनी अशा बोलल्या होत्या. सुमन मात्र हसली नाही, ती वाडग्याची कड पदराने पुसत राहिली. ते मला दिसलं होतं... पण कोपऱ्यावर कंपनीच्या बसने हॉर्न दिला आणि मी पळालो. साडेअकराला गेटवरून निरोप आला. घरी पोचलो तेव्हा मामींचे दोन्ही पाय सरळ केलेले होते आणि मधली उशी काढून घेतली होती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

त्या उशीकडे येण्याआधी मामींची ओळख करून द्यायला हवी. गडबच्या स्टॉपवर उतरून खाडीच्या अंगाला चालत गेलं की त्यांची वाडी लागते. नवरा मिठागरावर काम करायचा, तो सुमन लहान असतानाच गेला. मामींनी दोन खाचरं आणि एक लेक एकटीने सांभाळली. बोलणं असं की खारं वारं बरं. त्यात त्या रीतीला पक्क्या, आणि त्यांच्याकडची रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं अन्न तोंडाला लावायचं नाही. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. चौदा वर्षं मामी वर्षातून तीन-चारदा रोह्याला यायच्या, सुकी मासळी आणि शेवग्याच्या शेंगा आणायच्या, फडक्यात बांधलेली स्वतःची भाकरी सोडून आमच्या ओट्यावर बसून खायच्या आणि चारच्या एसटीने परत जायच्या. पाण्यावर मात्र त्यांनी तोड काढली होती. नळाचं पाणी नगरपालिकेचं, जावयाचं नाय, असं म्हणून त्या दोन तांबे प्यायच्या. मी या सगळ्याची नक्कल करून कंपनीत लोकांना हसवायचो. सुमन त्या प्रत्येक वेळी, आई भाकरी सोडायला लागली की, काहीतरी काम काढून आत जायची.

चैत्रात मामी बांधावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुंबईच्या डॉक्टरांनी खुबाच बदलला, धातूचा बसवला, आणि दुसऱ्या पायाचा गुडघाही झिजलाय, तो थंडीत बदलू, असं सांगितलं. मामी म्हणाल्या, "सायकल हाय काय, एकेक पार्ट बदलाया?" डॉक्टरांनी नियमांचा कागद माझ्या हातात दिला. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी. म्हणजे मामी जन्मभर जे करत आल्या त्यातलं काहीही करायचं नाही. त्यांच्या घरात चूल जमिनीवर, जेवण जमिनीवर, संडास परसात तोही बसायचा. तेव्हा त्यांना रोह्याला आमच्याकडे आणायचं ठरलं. आता खाणार काय?

अ‍ॅम्ब्युलन्स वडखळ सोडून गडबच्या स्टॉपला आली तशा मामी झोपल्या जागी म्हणाल्या, "थांबवा." स्टॉपवर त्यांचा पुतण्या दामू उभा होता. त्याने घरच्या तांदळाची गोणी आत चढवली, पेजेचा एक टोप चढवला आणि मिठाची पिशवी मामींच्या पायाशी ठेवली. आपल्या खाचरातला तांदूळ, आपला टोप, आपलं मीठ... लेकीचा फक्त हात. ड्रायव्हर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, पेशंट आहे की किराणा?" मी हसलो. मामी मागच्या काचेतून वाडीच्या वाटेकडे पाहत होत्या, ती दिसेनाशी झाली तरी पाहत होत्या.

सुताराकडून मी भोकाची खुर्ची करून घेतली आणि तिचं उद्घाटन फीत कापून केलं. मामींना हसू आलं, मग लाज वाटली, मग त्यांनी तोंड फिरवलं. जावयाच्या घरात असल्या खुर्चीत बसायची वेळ त्यांच्यावर आली होती. पहिले पंधरा दिवस त्या माझ्यासमोर कण्हल्यासुद्धा नाहीत. मी शिफ्टला गेलो की रडायच्या, हे सुमन सांगायची. मग वॉकर आला. आमचा व्हरांडा मामींच्या चालीने नऊ पावलांचा. त्यांनी दामूकडून निरोप मागवला, स्टॉपपासून आपलं दार किती पावलं? दामूने कळवलं, काकीच्या चालीने अकराशे. त्या दिवशी मामींनी बंबाखालचा कोळशाचा तुकडा मागून घेतला. व्हरांड्याची एक फेरी झाली की माझ्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर एक रेघ, रोजची ओळ वेगळी.

"मामी, रंग ओला होता हो परवापर्यंत."

"मना घरी जाया द्या, मग पुसा."

का जायचं, हेही त्यांनी लपवलं नाही. एकदा सुमनला म्हणाल्या, आणि मी ऐकतोय हे ठाऊक असून म्हणाल्या, "लेकीच्या घरातून माझं मढं निघाया नको गो. चालत जाईन न माझ्या घरात मरेन." दिवसाला पाच रेघा होत्या त्या वीस झाल्या, तीस झाल्या. वॉकर ठक करून पुढे पडायचा, मग एक पाय, मग दुसरा, आणि दातांतून एक श्वास. त्या आवाजावर मी दुसऱ्या पाळीची झोप काढायला शिकलो होतो.

आणि मग एका दुपारी, सुमन बाजारात गेलेली असताना, मामी जमिनीवर बसल्या. चुकून नव्हे. पाट घेतला, तो मांडला आणि स्वयंपाकघरात शेगडी खाली ठेवून तिच्यासमोर बसून पाहिलं. बसता येतंय का, एवढंच बघायचं होतं, कारण घरी चूल जमिनीवर. बसता आलं. उठताना खुबा निखळला. सुमन आली तेव्हा त्या कुशीवर पडल्या होत्या, तोंडात पदर कोंबलेला. ओरडल्या का नाहीत विचारलं तर म्हणाल्या, "शेजारी जमतील, बोलतील लेकीने पाडली."

पुन्हा मुंबई, पुन्हा भूल देऊन सांधा बसवला, आणि मग सहा आठवडे पलंगावर, मध्ये उशी आणि तिच्यावरून पट्टे. त्या सहा आठवड्यांत मामींनी भिंतीकडे पाठ केली. पाणी पाज म्हणायच्या, नको म्हणायच्या, पुन्हा पाज म्हणायच्या. एकदा मला म्हणाल्या, "जावयबापू, मना काय द्या. तुमी कंपनीत औषधा करता ना, त्यातलं काय द्या." मी पोस्टमनच्या बापाच्या आवाजात उत्तर दिलं. मग त्यांचा हात धरून म्हणालो, "दिवाळीला तुम्हाला चालत घरी नेतो. शपथ." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शपथ हां." पट्टे सुटले, वॉकर पुन्हा पलंगाशी आला आणि भिंतीवर नवी रेघ उमटली. ती आधीच्यांपेक्षा वाकडी होती.

श्रावणातल्या उधाणाला वाडीच्या बांधाला खांड गेली. ज्यांना खाडीचा शेजार नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांध फुटला की भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि ते शेत पुढची काही वर्षं भाताचं राहत नाही. दामू मला कंपनीच्या गेटवर भेटायला आला. मामींची दोन्ही खाचरं पाण्याखाली होती, घराची मागची भिंत बसली होती, कणगीतलं जुनं भात भिजून त्याला मोड आले होते. "काकीला नको सांगू," दामू म्हणाला. मीही तेच म्हणालो. आणि त्याच आठवड्यात मामींची गोणी तळाला गेली.

सुमन म्हणाली, "आयला कळेल." मी म्हणालो, मग मी इतकी वर्षं रंगमंचावर केलं काय? रोह्याच्या बाजारातून जाडा तांदूळ आणला. मामींच्याच गोणीत भरला. त्यांच्या तांदळाला राता म्हणतात, दाण्यावर तांबूस रेघ असते. तळाशी उरलेला शेरभर राता मी वरून पसरला, मूठभर कोंडा उधळला, गोणी खांद्यावर घेऊन मागच्या दाराने बाहेर गेलो आणि पुढच्या दाराने घाम पुसत आत आलो.

"मामी, दामूने पाठवली. टेम्पो कोलाडपर्यंतच आला, तिथून एसटीत टाकून आणली. कंडक्टरशी भांडलो."

मामींनी गोणीत हात घालून तांदूळ तळहातावर घेतला. "दामू बरा हाय?"

"मजेत. तुमची वाट बघतोय."

"न घर?"

"घर जिथल्या तिथे आहे, घराला काय होणार." टाळ्यांचं वाक्य होतं. मी आत जाऊन सुमनला डोळा मारला.

त्या आठवड्यातच मामी चालायच्या थांबल्या. आज नको म्हणाल्या. उद्या म्हणाल्या. आम्ही एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले सांधा छान बसलाय, चालायला काहीच हरकत नाही. मी वॉकर घेऊन त्यांच्यासमोर त्यांचीच नक्कल केली, त्या कौतुकाने पाहत बसल्या. गंमत म्हणजे जेवू लागल्या. सुमनकडे भात मागून घ्यायच्या, कालवणाला बरं म्हणायच्या, एकदा तर तिच्या हाताला आपल्या सासूच्या हाताची चव आहे म्हणाल्या. घरी कधी जायचं हे विचारणं बंद झालं. मी कंपनीत सांगत सुटलो, म्हातारी रुळली. मग पलंग सुटेना, पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला... आणि दिवाळीच्या बारा दिवस आधी ती सकाळ आली.

मढं लेकीच्याच घरातून निघालं. गडबच्या स्टॉपला गाडी थांबवून तिथून खांद्यावर नेलं, चालत न्यायची शपथ होती. पावलं मोजली. माझी नऊशेच्या आतच भरली.

दुसऱ्या दिवशी वाडीत, सुतकाच्या घरी शेजारची म्हातारी पेज घेऊन आली. त्यांचं घर उंचावर, त्यांचं भात वाचलं होतं. माझ्या हातात वाडगा आला आणि मी थांबलो. पेज तांबूस होती, पातळ चहासारखी.

"यात काय घातलंय, आजी?"

"काय घालाचा? रात्याची पेज तांबडीच व्हते."

मी सुमनकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे पाहत होती. मामींच्या टोपातली रात्याची पेज मी जन्मात कधी पाहिली नव्हती. वाडगा भरायची सुमन, प्यायच्या मामी, मी असायचो शिफ्टवर नाहीतर तालमीत.

"वरचा राता दोन दिवस पुरला," सुमन हळू म्हणाली. "तिसऱ्या दिवशी पांढरी झाली. आयने वाडग्यात बघितलं न बोलली, खांड गेली काय गो? मी वाडग्याची कड पुसत बसली. मग विचारलं, घर? मी मान खाली घातली. मग बोलली, ही तुझ्या घरातली पेज? मी व्हय बोलली. तर बोलली, थोडा मीठ घाल. तुझा."

"मग?"

"मग सगली प्यायली. अजून मागितली. न बोलली, जावयाना नको सांगू, त्यानी लय मेहनत घेतली हाय."

या दिवाळीला व्हरांड्याला पुन्हा रंग द्यायचा होता, तो दिला नाही. सकाळी सुमन आता दोन वाडगे पेज काढते, मला पेज आवडत नाही तरी पितो. बसायला ती भोकाची खुर्चीच घेतो, वर फळी टाकून. समोर मामींच्या रेघा आहेत. आधी सरळ, मग सहा आठवड्यांची रिकामी जागा, मग वाकड्या, पण रोज वाढत गेलेल्या. शेवटच्या दिवशीच्या अठ्ठेचाळीस आहेत. मी गोणी खांद्यावर घेऊन पुढच्या दाराने आत आलो, त्याच्या पुढचा हा दुसरा दिवस, पेज पांढरी व्हायच्या आदला. त्यापुढे भिंत पांढरी आहे.