हिरेबाजारातला हात, पैठण रस्त्यावरचा प्लॉट

मे महिन्यातला पहिला रविवार, दुष्काळाचे दुसरे वर्ष. रक्कम अठरा लाख. हजर चौघे: प्लॉट विकणारा, त्याची बायको, माझा मेहुणा आणि मी. चितेगावच्या अलीकडे पैठण रस्त्याला लागून तीन हजार फुटांचा प्लॉट. आजूबाजूचे प्लॉट साडेचारशे रुपये फुटाने जात होते, हा सहाशेने, कारण याच्या बोअरला पाणी होते. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा त्या बाजूला झपाट्याने वाढत होते, आणि सांगून ठेवलेला टँकरही वेळेवर येत नव्हता.

विकणाऱ्याचे खुलताबादला कपड्यांचे छोटे दुकान होते. त्याला शहागंजात गाळा घ्यायचा होता. आमचे ठरल्यावर त्याने गाळ्यासाठी दोन लाख इसार दिला. महिन्यात बाकीचे पैसे दिले नाहीत तर इसार बुडणार होता. आमचा मात्र काहीच कागद झाला नाही. पाण्याची धार बघितली, भाव ठरला, मी हात पुढे केला आणि सवयीने "मझल" म्हणालो.

"हे काय म्हणलात साहेब?" त्याच्या बायकोने विचारले.

"ठरलं. आता दोघांनाही माघार नाही. आमच्या बाजारात असंच चालतं."

"कागदाबिगर?"

"कागदाशिवाय."

"दाजी, तुमचा बाजार तिकडं राहिला," मेहुणा म्हणाला.

तिकडे म्हणजे बेल्जियममधले अँटवर्प. तिथे एका गुजराती हिरे व्यापाऱ्याकडे मी अकरा वर्षे हिशेब पाहिले. रेल्वे स्टेशनजवळच्या दोन-तीन गल्ल्यांत सगळा बाजार. काळे कोट, काळ्या टोप्या घातलेले ज्यू दलाल आणि व्यापारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. आपले लोक नंतर बारीक माल घेऊन आले आणि स्थिरावले. दोघेही एकमेकांकडे जेवत नसत. त्यांचे मांस-दुधाचे नियम वेगळे, आमच्या शेठना कांदासुद्धा वर्ज्य. पाहुणचाराची वेळ आली की दोघे मिळून सफरचंद कापून खात. धंदा मात्र एकाच रीतीने चाले. मझल म्हणजे नशीब. हात मिळवून तो शब्द म्हटला की सौदा पक्का, सही नंतर कधीतरी.

आमच्याकडे येणारा ज्यू दलाल सत्तरीचा होता. त्याची गुजराती माझ्यापेक्षा चांगली होती. मला तो 'मुनीमजी' म्हणे. "इंडियाचा तू, आणि गुजराती मी शिकवू?" असे म्हणून खदाखदा हसे. मी मराठी आहे हे त्याला वर्षानुवर्षे सांगितले, त्याला ते पटले नाही.

एका शुक्रवारी दुपारी शेठनी त्याच्यामार्फत मालाच्या एका पुडीचा सौदा केला, हात मिळवला. सूर्य मावळल्यापासून ज्यूंचा शब्बाथ सुरू, म्हणजे शनिवारी अंधार पडेपर्यंत काम नाही, फोनही नाही. त्याच रात्री भाव पडल्याची बातमी आली. शनिवारी मी नुकसानीचा आकडा काढून शेठपुढे ठेवला.

"अजून बिल झालेलं नाही," मी म्हणालो.

"ते फोन उचलत नाहीत म्हणून मी पळून जाऊ?" शेठ म्हणाले.

रविवारी म्हातारा पुडी घेऊन आला. शेठनी शुक्रवारच्या भावानेच पैसे दिले. जाताना म्हातारा माझ्या टेबलाशी थांबला. "मुनीमजी, तोंड असं का? घरी कोणी गेलं का?"

यात मनाचा मोठेपणा फारसा नव्हता. शेठ फिरले असते तर सोमवारी गल्लीभर झाले असते आणि पुढे त्यांना कोणी माल दाखवला नसता. शब्दामागे ती भीती होती. पैठण रस्त्यावर तशी कोणाची भीती नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, बोअर आटला. सुटलात तुम्ही! कागद कुठंय?"

माझी बायको म्हणाली, "शेजारच्या भावाने साडेतेरा लाख होतात, त्याच्या वर एक पैसा नाही. मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून."

मी साडेतेराच डोक्यात ठेवून गेलो. विकणाऱ्याने माझ्यासमोर मोटार चालू केली. पाइपातून नुसती हवा आली.

"लपवत नाय साहेब. परवापासून असंच हाय. आता भाव तुम्हीच सांगा."

"गाळ्याचं काय?"

"शेजारच्या भावात गाळा नाय बसत. इसार जाईल, दुसरं काय."

त्याची बायको पत्र्याच्या सावलीत उभी होती. ती म्हणाली, "साहेब, त्या दिवशी हात दिला व्हता, तो पाण्यासकट व्हता का पाण्याबिगर?"

मेहुणा हसला. अँटवर्पला माल बघून हात दिला की पुढचा तोटा घेणाऱ्याचा. पाणी होते तेव्हा मी ते बघितले होते, आणि त्यांनी काही दडवले नव्हते. शिवाय माघार नाही हे त्यांना मीच सांगितले होते, त्यांनी मला नाही.

"अठराच," मी म्हणालो.

"दाजी! ताईला तुमचं तुम्ही सांगा. मी आज घराकडं येत नाय."

घरी सांगितले. बायकोने आकडा पुन्हा एकदा विचारला. पुढच्या आठवड्यात खरेदीखत झाले. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च मी केला. प्लॉट विकणाऱ्याच्या बायकोच्या नावावर होता, म्हणून अठरा लाखांचा ड्राफ्ट तिच्याच हातात दिला.