चुंबकाला चिकटलेलं पिवळं नाणं

वजनकाटा, दोऱ्याला टांगलेलं चुंबक, भिंगाचा स्टँड, नाणी तपासायचं हे सगळं मी स्वतः बनवलंय, ग्रुपमधल्या मित्रांनो.

आज साकोलीत घरी एक नाणेविक्रेता पाच रुपयांचं पिवळं नाणं घेऊन आला. पितळी नाणं चुंबकाला चिकटत नाही, हे चिकटलं. टाकसाळीत चुकून दुसऱ्या धातूवर छापलं गेलं असेल? तसं असेल तर दुर्मिळ, लाखमोलाचं.

भिंगातून कड पाहिली. पिवळ्याखाली पांढरं स्टील. पूजेसाठी कोणीतरी स्टीलच्या नाण्यावर सोनेरी पाणी चढवलेलं.

"भाऊ, कायले एवढं खोदून राहिले? ग्रुपवर फक्त 'अस्सल' लिहा. गिऱ्हाईक तुमच्याच ग्रुपातलं आहे, तुमच्या शब्दावर थांबून आहे."

"म्हणूनच नाही लिहीत ना, बाप्पा."

ते गिऱ्हाईक हे वाचतच असेल. त्या एका शब्दाचे विक्रेता मला पाच हजार देत होता.