चिंचेनं घासलेलं इंजिन

राम राम मंडळी. आज सकाळी नेकनूरला धाकट्या बहिणीकडं गेलतो. परत आलो तरी जीव थाऱ्यावर न्हाई.

माझे मेहुणे रेल्वेत होते. निवृत्तीच्या वेळी साहेबानं त्यांना खऱ्यासारखं वाफेवर चालणारं छोटं पितळी इंजिन दिलं होतं. मेहुणे गेले, इंजिन राहिलं. अशा जुन्या इंजिनांचा भाव आता लई चढलाय. भाच्यानं मोबाईलवर फोटो टाकला, तर पुण्याचा एक शौकीन थेट घरी घ्यायला आला. त्या पैशात बहिणीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं.

पावणा येणार म्हणून बहिणीनं चिंच अन् राखेनं इंजिन घासून लख्ख केलं. जुना काळा रंग, सोनेरी नंबर, सगळं मोरीत वाहून गेलं.

पावण्यानं ते हातात घेतलं अन् खदाखदा हसला. "आजी, किंमत त्या रंगाचीच होती. आता मोडीत घाला."

तो गेल्यावर भाचा आईला म्हणाला, "झालं समाधान? आता रांगत जा मोरीला."

मी त्याला दटावलं. बहीण माझ्याकडं बघत म्हणाली, "दादा, पावण्यासमोर मळकं कसं ठिवायचं?"

तुमी काय सांगितलं असतं तिला?