मोतीरामचं रेडकू

पंचवटीतल्या मोतीराम सुताराच्या हाताला देवानं सगळं दिलं होतं, फक्त हुबेहूबपणा द्यायचा राहून गेला होता. त्यानं बसवलेलं दार भर पावसाळ्यातही अडायचं नाही. पण दारं-खिडक्या हा त्याचा पोटाचा धंदा. जीव अडकला होता नाटकात. नव्वदच्या दशकात नाशकातल्या हौशी मंडळांना लागणारं सामान तोच करून द्यायचा, आणि त्यानं केलेली वस्तू रंगमंचावर आली की लोक नको तिथे हसायचे. त्यानं पिंडाला शिवणारा कावळा केला, लोकांना तो पारवा वाटला. सिंह केला, तर पुढच्या रांगेतल्या पोरांनी त्याला "यू यू" करून बोलावलं.

"तुम्ही एकदा कुत्रा करायला घ्या," बायको गोजराबाई म्हणाली, "म्हणजे सिंह होईल."

मोतीरामला ते लागायचं. बोलून दाखवायचा नाही, पण आपली एक तरी वस्तू कुणाला तरी खरी वाटावी, एवढंच त्याचं मागणं होतं. माणसाचं मागणं लहान असलं की देवही ते विसरतो.

त्या वर्षी अशाच एका मंडळाचे दिग्दर्शक यादव सर, जे दिवसा विमा कचेरीत कारकुनी करत, त्यांनी नाट्यस्पर्धेसाठी स्वतःच एक शोकांतिका लिहिली. तिच्यात नायिका मेलेलं रेडकू मांडीवर घेऊन आक्रोश करते. सरांनी मोतीरामला बजावलं, "रेडकू पाहून लोक रडले पाहिजेत. हसले, तर पुढच्या वर्षीपासून सामान मुंबईहून भाड्यानं आणू."

मोतीराम हबकला. समोरच्या अंबूबाईच्या गोठ्यात मैना म्हैस नुकतीच व्याली होती. तिथे बसून त्यानं रेडकू नीट पाहून घेतलं आणि कामट्यांचा सांगाडा, वर गोणपाट, त्यावर जुनी काळी घोंगडी असं आपलं रेडकू उभं केलं. ते तयार झालं आणि मैनाचं खरं रेडकू तापानं गेलं. मैनानं पान्हा चोरला. अंबूबाईनं पेंड चारली, अंगारा लावला, शेवटी शिव्याही दिल्या. पण थेंब येईना. मग ती मोतीरामच्या दारात आली.

"मोतीराम, तुझं रेडकू दे जरा."

"मावशी, त्याला बघून माणसं हसतात."

"म्हशीला हसू येत नाय. दे."

अंबूबाईनं रेडकाला मिठाचं पाणी चोळलं आणि मैनापुढे ठेवलं. मैनानं वास घेतला, जोरात फुरफुरली. पडदा वर जातानाही मोतीरामला एवढी भीती वाटली नव्हती. मग मैनानं जीभ काढली आणि घोंगडी चाटायला सुरुवात केली. अंबूबाईच्या चरवीत धार वाजू लागली तसा मोतीराम भिंतीआड गेला आणि चांगला हुंदके देऊन रडला.

तेव्हापासून दोन्ही वेळच्या धारेला रेडकू हजर असे. मैनानं चाटून चाटून त्याचा एक कान उपटला. मोतीरामनं तो शिवून दिला, तर दुसऱ्याची लोकर गेली. स्पर्धेचा दिवस आला आणि नाटकाची वेळ नेमकी संध्याकाळच्या धारेची निघाली. अंबूबाई म्हणाली, "रेडकू जाईल तिथं म्हैस येईल." त्यामुळे पुढे डोक्यावर रेडकू घेतलेला मोतीराम, मागे मैना आणि तिच्यामागे चरवी घेतलेली अंबूबाई अशी वरात नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात पोचली. आधी धार काढायची, मग रेडकू आत न्यायचं, असं ठरलं होतं. पण घायकुतीला आलेल्या यादव सरांनी अंबूबाई बसायच्या आत रेडकू उचललं आणि ते विंगेत पळाले.

शेवटचा प्रवेश आला. नायिकेनं रेडकू मांडीवर घेतलं आणि हंबरडा फोडला. प्रेक्षकांत पहिली खसखस पिकली, मग दुसरी. विंगेतल्या मोतीरामनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मागच्या अंगणातून दुसरा हंबरडा आला. मैनानं दावं तोडलं होतं. सेट आत नेण्याच्या मोठ्या दारातून ती सरळ रंगमंचावर आली, नायिकेला बाजूला सारलं आणि रेडकू चाटू लागली. तिची कास भरलेली होती. दूध आपसूक फळ्यांवर ठिबकायला लागलं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. नायिका संवाद विसरून खरीच रडायला लागली. यादव सरांनी पडदा पाडला, तेव्हा मैनानं शेणही टाकलं होतं.

निकालाच्या वेळी मुंबईहून आलेले परीक्षक बोलायला उभे राहिले.

"रेडकू अगदीच कृत्रिम होतं. पण ती म्हैस! पुढच्या पायांतला कलावंत जरा मंद वाटला, मागच्या पायांतल्यानं मात्र कमाल केली. शेणाची योजना तर अप्रतिम. नेपथ्याचं पहिलं पारितोषिक म्हशीच्या निर्मितीसाठी, श्री. मोतीराम यांना."

टाळ्यांच्या कडकडाटात मोतीराम माइकपाशी गेला. "साहेब, म्हैस मी केली नाही. रेडकू मी केलं."

"आणि हा विनय पाहा," परीक्षक म्हणाले. टाळ्या वाढल्या. यादव सरांनी तिथल्या तिथे पुढच्या वर्षीसाठी हत्ती सांगून टाकला.

मोतीराम बक्षिसाची ढाल काखेत मारून घरी आला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, आणि त्याला ते कुठे ठेवावं कळेना. गोजराबाईनं ती धान्याच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली.

पुढच्या सालात मैना पुन्हा व्याली. रेडकू जिवंत होतं, धडपडत उभं राहत होतं. अंबूबाईनं निरोप धाडला, "आता तुझं घेऊन जा. खरं आलंय."

मोतीराम जड पावलांनी गोठ्यात गेला. त्याचं रेडकू कोपऱ्यात पडलं होतं, दोन्ही कान गेलेले, कामट्या बाहेर आलेल्या. खरं रेडकू आईला लुचत होतं. आता कुणीही ओळखलं असतं खोटं कोणतं ते. मोतीराम वाकला आणि त्यानं घोंगडीला हात घातला.

मैनानं मान वळवली आणि शिंग त्याच्या हातापुढे आडवं धरलं. त्यानं दुसऱ्या बाजूनं हात घातला, शिंग तिकडेही आलं. मग तिनं ती घोंगडी एकदा चाटली आणि पुन्हा रवंथ करू लागली.

तो रिकाम्या हातानं घरी परतला. गोजराबाईनं विचारलं, "आणलं का?"

"नाही," मोतीराम म्हणाला. "तिचं आहे ते."