चौलचा कोडिंगचा वर्ग आणि घरची मोठी माणसं

कोडिंगचा वर्ग सुरू केला तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत गावातून पाच-सहा चांगले प्रोग्रामर तयार होतील. प्रोग्रामर किती झाले ते अजून नक्की सांगता येत नाही. किस्से मात्र भरपूर झाले! हजेरीची वही उलटी धरून मागच्या पानापासून मी ते लिहायला लागलो, आणि आता हजेरी आणि किस्से मधोमध कुठेतरी एकमेकांना येऊन भिडलेत. मित्र भेटले की म्हणतात, "सांग रे, या महिन्यात काय झालं?" कोडिंगचं कोणी विचारत नाही.

तर वर्ग चौलला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. रविवारी दुपारी तीन ते पाच. आठ जुने लॅपटॉप, त्यातल्या दोनांची बॅटरी कायमची गेलेली. मी आधी नवी मुंबईत एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचो, ते सोडून गावी आलो. वर्गाचा नियम एकच. मुलाने येताना घरचं एक मोठं माणूस बरोबर आणायचं, आणि त्या माणसानेही शेजारी बसून शिकायचं. पोरं घरी जाऊन काय करतात ते घरच्यांना कळावं, एवढाच हेतू होता.

त्या नियमामुळेच पुढचं सगळं झालं.

*

हिराबाई रेवदंड्याच्या बाजारात मासे विकतात. मुलगी प्राची सातवीत. पहिले तीन रविवार हिराबाई दारातच बसल्या. लॅपटॉपजवळ यायला तयार नाहीत. "माझा हात लागला नि बिघडला तर?"

चौथ्या रविवारी मी सांगितलं, "घरातलं रोजचं एक काम निवडा. ते कसं करायचं ते मला सांगा. मी कॉम्प्युटर. सांगाल तेवढंच करणार, मनाचं काही करणार नाही."

हिराबाई खाली गेल्या, टोपलीतला एक बांगडा आणि सुरी घेऊन वर आल्या. टेबलावर पेपर पसरला.

"घे, साफ कर."

मी नुसता उभा.

"अरं, बांगडा उचल!" मी उचलला. "आता डोकं काप!" मी दोन बोटांनी बांगड्याची मान दाबत बसलो.

"सुरी घे ना, सुरी!" मी सुरी घेतली.

"हां. आता पोट फाड!"

मी सुरी माझ्या शर्टावर टेकवली. अख्खा हॉल किंचाळला. हिराबाईंनी झडप घालून माझा हात धरला. "तुझं न्हाय रं! बांगड्याचं!"

मग त्या खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच, लॅपटॉपच्या समोर.

"ह्यो कॉम्प्युटर खरंच एवढा येडा असतो व्हय?"

"याहून जास्त."

"मग मी ह्याला भ्यायची कशाला? असाच एक घरी हाय. पंधरा वर्षं चालवतेय त्याला!"

*

पुढे काही महिन्यांनी मुंबईहून एक पाहुणे आले. त्यांच्या ऑफिसातले जुने लॅपटॉप आम्हाला द्यायचे होते. फोटो झाले, नारळपाणी झालं. मग त्यांनी प्राचीला जवळ बोलावलं.

"बाळ, कोडिंग म्हणजे काय?"

प्राची म्हणाली, "समोरच्याला काहीच कळत नाही असं धरून चालायचं, आणि एक-एक पायरी नीट सांगायची."

"व्वा! आणि मोठी होऊन तू काय होणार?"

प्राचीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "आधी मी आठवीत जाणार," ती सावकाश म्हणाली. "आठवी झाली की नववीत जाणार. नववीत पास झाले तर दहावी. नापास झाले तर परत नववी..."

बारावीपर्यंत पोचली तेव्हा पाहुण्यांची गाडी खाली हॉर्न देत होती.

*

ठाकूर गुरुजी प्राथमिक शाळेतले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. शाळेत एक कॉम्प्युटर आहे, त्यावर प्लास्टिकचं कव्हर, आणि त्या खोलीची चावी गुरुजींच्या खिशात. शिक्षकांनी कॉम्प्युटर शिकायलाच हवा असा वरून आदेश आला, म्हणून ते आमच्याकडे आले. शिक्षक आला तर त्याने मुलाच्या शेजारी बसायचं. हिराबाई त्या दिवशी बाजारात अडकल्या होत्या, म्हणून जागा फक्त प्राचीजवळ रिकामी होती. प्राची चौथीपर्यंत त्यांच्याच शाळेत होती.

गुरुजींनी शिस्तीत वही काढली. पाढा छापणारा साधा प्रोग्राम लिहायचा होता. कुठे कंस राहिला, कुठे स्वल्पविराम जास्त झाला. दर वेळी स्क्रीनवर लाल ओळ यायची, आणि गुरुजी ती वहीत उतरवून घ्यायचे. चूक क्रमांक एक, चूक क्रमांक दोन. पाच वाजत आले तेव्हा एकतीस झाल्या होत्या.

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. "प्राची, तुला मी कधी पट्टी मारली होती का गं?"

"हो गुरुजी. दोनदा. सहाच्या पाढ्याला."

गुरुजींनी वही मिटली. माझ्याकडे वळून म्हणाले, "याने मला एकतीस चुका दाखवल्या. पण एकदाही आवाज चढवला नाही हो."

प्राचीने तेवढ्यात लॅपटॉप स्वतःकडे ओढला, खाली एक ओळ टाइप केली, आणि परत सरकवला. "आता चालवा."

गुरुजींनी राहिलेला कंस घातला आणि बटण दाबलं. सहाचा पाढा सरळ खाली उतरला, आणि शेवटी आलं, 'शाबास, गुरुजी!'

त्यांनी तो प्रोग्राम परत चालवला. परत चालवला. आम्ही खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, गुरुजी चालवतच होते. मग एकदम थांबले आणि संशयाने विचारलं, "हे चुकलं तरी शाबास म्हणतं का?"

"नाही गुरुजी. बरोबर आलं तरच."

"मग ठीक आहे."

शाळेतल्या कॉम्प्युटरचं कव्हर दुसऱ्या दिवशी निघालं. त्याचं पुढे काय झालं विचारलं तर म्हणाले, "पावसाळ्यात छत्रीवर घालायला बरं पडतं. भिजत नाही ती."

*

इक्बालभाई वर्गात मोबाइलवरून यायचे. ते कुवेतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत. मुलगी नाझिया नववीत. तिच्या आईला चारचौघांत बसायची फार लाज, त्यामुळे घरचं मोठं माणूस म्हणून अब्बा! नाझिया पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून ठेवायची. आपल्याकडे तीन वाजतात तेव्हा तिकडे त्यांची जेवणाची सुट्टी. एका हातात खबूस, म्हणजे तिकडची रोटी, दुसऱ्या हातात पेन.

त्या दिवशी लूप शिकवत होतो. एकच काम पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं ते. मोबाइलमधून आवाज आला, "सर, एक सवाल हाय. व्हाइल म्हंजे 'जोपर्यंत' ना?"

"बरोबर, इक्बालभाई. जोपर्यंत अमुक होत नाही तोपर्यंत काम चालू."

"मग बाहेर पडायची कंडिशन कधी लिहायची?"

"सुरुवातीलाच. नाहीतर ते थांबतच नाही."

तिकडे त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ती लिहायची राहिली बघा, सर. घर होईपर्यंत म्हणून आलो होतो. घर झालं. मग बहिणीची शादी होईपर्यंत. ती पण झाली. बारा वर्षं झाली, लूप चालूच हाय."

नाझिया मान खाली घालून कीबोर्डकडे बघत होती. मग म्हणाली, "अब्बा, चालू असलेलं मध्येच थांबवायची पण बटणं असतात. कंट्रोल आणि सी. दोन्ही एकदम दाबायची."

"दाबली तर सगळं बिघडत नाही ना?"

"नाही अब्बा. नुसतं थांबतं."

सात महिन्यांनी इक्बालभाई कायमचे परत आले. नाक्यावर फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या रविवारी पांढरा शर्ट घालून, अत्तर लावून, वर्गात नाझियाच्या शेजारी येऊन बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बघतो तर पाण्याची बाटली टेबलावर होतीच, आणि तिला मोबाइल टेकवलेला!

"आता कोण?"

"माझी मिसेस," इक्बालभाई म्हणाले. "घरनं बघते. तिचापण एक सवाल हाय."

घर वाचनालयाच्या मागच्या गल्लीत आहे.

*

मोबाइलवरच्या एआयकडून काम कसं करून घ्यायचं ते मीच शिकवलं होतं, म्हणजे पुढच्या प्रकाराला जबाबदारही मीच.

सोहम सहावीतला. शाळेत 'माझी आई' हा निबंध लिहायचा होता. त्याने मोबाइलला सांगितलं, मोबाइलने दिला. वर्गात वाचून दाखव म्हटलं तर तो उभा राहिला. शेजारी त्याची आई, मंदाताई. सुपारीच्या वाडीत कामाला जातात.

सोहम वाचू लागला, "माझी आई पहाटे उठून योगासने करते. ती अंगणातील गुलाबांना पाणी घालते. ती सदैव हसतमुख असते. मी चुकलो तरी ती कधीही रागावत नाही. रात्री ती मला सुंदर गोष्टी वाचून दाखवते."

मंदाताई शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ही बाई राहते कुठं? चार दिवस मला तिच्याकडं राहायला पाठव!"

हॉलमध्ये असा हशा झाला की खाली पेपर वाचणारे वर आले. सोहमचा चेहरा पडला. मी त्याला कोपऱ्यात बसवलं, कागद दिला, म्हटलं, मोबाइलला जे माहीत नाही तेवढंच लिही. पंधरा मिनिटांनी त्याने चार ओळी आणल्या.

"माझी आई सुपारी सोलते. तिची बोटं काळी आहेत, साबणाने जात नाहीत. ती रागावली की मी नारळाच्या मागे लपतो. तिला मी दिसतो, तरी ती दुसरीकडे शोधते."

मंदाताईंनी कागद त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"आई! तो उद्या शाळेत द्यायचाय!"

"तो गुलाबवाला दे!"

*

एका मुलीचे वडील, घरत, न्हावा शेव्याच्या बंदरातल्या यार्डात कंटेनर उचलून ठेवायचं मशीन चालवतात. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. एकदा मुलीबरोबर आले तेव्हा मी स्टॅक नावाची गोष्ट शिकवत होतो. माहिती एकावर एक रचायची, आणि शेवटी ठेवलेली आधी काढायची. त्याच धड्याचा हा तिसरा रविवार होता. ताटांचं उदाहरण देऊन झालं, वह्यांचं झालं. पोरं माना डोलवायची आणि चुकीचं लिहायची.

घरत उठले. "साहेब, दोन मिनिट बोलू का?"

त्यांनी सगळ्यांच्या कंपासपेट्या गोळा केल्या, एकावर एक पाच रचल्या. "हा कंटेनर दुबईचा, हा चीनचा, हा कोलंबोचा. आता मला खालून दुसरा पाहिजे. शिप लागलीय, साहेब बोंब मारतोय. कसा काढू? बोल!"

"वरचे तीन आधी काढायचे!"

"किती मूव्ह झाल्या? परत ठेवायला किती? मग पहिल्यांदा ठेवतानाच डोकं वापरायचं की नाय?"

दहा मिनिटांत सगळ्यांचे प्रोग्राम चालले. घरतांनी कंपासपेट्या परत केल्या आणि खाली बसताना मला विचारलं, अगदी मनापासून, "साहेब, एवढ्याला इंजिनिअरिंग करावं लागतं?"

*

सुगंधाताई आतल्या गावातून यायच्या, मुलगी तन्वीला घेऊन. भातशेती, घरात नऊ माणसं. वर्षभर एकही रविवार चुकला नाही, आणि वर्षभरात एकदाही त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. तन्वीच्या मागे खुर्ची ओढून बसायच्या, तिची ओढणी मांडीवर घेऊन. "तुम्ही पण करा की," म्हटलं की हसायच्या. "मला काय कळतंय त्यातलं!"

एका रविवारी तन्वी शाळेच्या कबड्डीच्या सामन्याला माणगावला गेली होती. आज काही त्या येत नाहीत असं मी धरून चाललो. तर बरोबर तीनला सुगंधाताई आल्या. एकट्याच. तन्वीच्या जागेवर बसल्या, लॅपटॉप उघडला आणि एका बोटाने टाइप करायला लागल्या.

मी मुद्दामच तिकडे गेलो नाही. तासभर त्या मान वर न करता बसल्या होत्या. मध्ये दोनदा लाल ओळ आली, दोनदा त्यांनी तन्वीची वही उघडून बघितली. मग हाक मारली, "सर, चालतंय का बघता?"

मी प्रोग्राम सुरू केला. काळ्या स्क्रीनवर अक्षरं आली.

'जेवलीस का?'

मी मनात म्हटलं, 'जेवलीस'चं 'जेवलात' करायला सांगू, म्हणजे कोणालाही चालेल. मी जेवून आलो होतो, म्हणून 'हो' टाइप केलं.

'खोटं बोलू नको. सगळ्यांचं झाल्याशिवाय तू बसत नाहीस.'

मी सुगंधाताईंकडे बघितलं. त्या स्क्रीनकडे बघत होत्या.

"'नाही' पण टाकून बघा ना," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "तुम्हीच टाका."

त्यांनी पदराला बोट पुसलं आणि एक-एक अक्षर शोधून 'नाही' लिहिलं.

'मग बस. आज मी वाढते.'